मेंदूज्वराचा विषाणू शोधताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ताप आलेलं मूल दुसऱ्या दिवशी असंबद्ध बोलायला लागतं, मग झटके येतात, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत ते हाकेला ओ देत नाही. आशिया आणि आफ्रिकेतल्या असंख्य कुटुंबांची मेंदूज्वराशी ओळख अशीच होते. आईवडिलांचा पहिला प्रश्न असतो, ‘वाचेल ना?’ दुसरा असतो, ‘हे झालं कशानं?’ या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कमी उत्पन्नाच्या देशांत पुष्कळदा मिळतच नाही. कधी कधी ते फार पटकन मिळतं आणि चुकीचं असतं. माझ्या मते हा दुसरा प्रकार जास्त घातक आहे. तो का, हे पुढच्या उत्तरांतून दिसेल.

मेंदूज्वर म्हणजे नेमकं काय? मेनिंजायटिस तोच का?

तोच नव्हे, पण दोघे शेजारी आहेत. मेंदूभोवती पातळ आवरणं असतात, त्यांना सूज आली की मेनिंजायटिस. सूज खुद्द मेंदूत शिरली की एन्सेफलायटिस, म्हणजेच मेंदूज्वर. मेनिंजायटिसमध्ये डोकेदुखी, मान ताठणं, उजेड सहन न होणं ठळक असतं. मेंदूज्वरात माणसाचं भान हरपतं. तो गोंधळतो, वागणं बदलतं, माणसं ओळखू येत नाहीत, झटके येतात. प्रत्यक्षात दोन्ही एकत्र असलेले रुग्णही भरपूर दिसतात.

बातम्यांत ‘एईएस’ असं लिहितात. तो वेगळा आजार आहे का?

एईएस हे आजाराचं नाव नाही, लक्षणांच्या गटाचं नाव आहे: अक्यूट एन्सेफलायटिस सिंड्रोम. जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या मुद्दाम सैल ठेवलेली आहे. कोणत्याही वयाच्या माणसाला, वर्षाच्या कोणत्याही दिवसांत, अचानक ताप आला आणि त्यासोबत भान बदललं किंवा नव्यानं झटके सुरू झाले, तर त्याची नोंद एईएस म्हणून करायची. लहान मुलांना नुसत्या तापानं येणारे साधे झटके यातून वगळलेले आहेत. ही व्याख्या जाळं टाकण्यासाठी आहे, कोणी निसटू नये म्हणून. जाळ्यात काय सापडलं हे त्यानंतर पाहायचं असतं. म्हणून ‘अमुक मुलं एईएसनं दगावली’ हे वाक्य अर्धवट आहे. मुलं गेली एवढंच ते सांगतं, कशानं गेली ते सांगत नाही.

कोणकोणते विषाणू मेंदूपर्यंत पोचतात?

यादी लांब आहे. त्यातले मोठे तेवढे सांगते.

आशियात सर्वांत मोठा वाटा जपानी मेंदूज्वराचा. भातशेतीच्या पाण्यात वाढणारे क्युलेक्स जातीचे डास तो पसरवतात. डुकरं आणि पाणथळ जागचे बगळ्यांसारखे पक्षी यांच्यात हा विषाणू वाढतो. माणूस त्याच्या वाटेत आडवा येतो इतकंच. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार या एकाच आजाराचे वर्षाला सुमारे 68,000 रुग्ण होतात. लागण झालेल्या साधारण 250 जणांपैकी एकालाच गंभीर आजार होतो. पण ज्यांना होतो त्यांच्यातले 30 टक्क्यांपर्यंत दगावतात, आणि वाचलेल्यांपैकी 30 ते 50 टक्के लोकांना कायमचं काहीतरी अपंगत्व राहतं.

हर्पिस सिम्प्लेक्स जगात सगळीकडे आहे. त्याला ना हंगाम, ना साथ. एखाददुसरा रुग्ण येतो, त्यामुळे त्याच्याकडे लक्ष जात नाही. रेबीज दरवर्षी सुमारे 59,000 माणसांचा जीव घेतो, जवळपास सगळे आशिया-आफ्रिकेतले. एन्टरोव्हायरसच्या कुळातला ए-71 हा प्रकार लहान मुलांच्या हात-पाय-तोंडाच्या फोडांच्या आजारातून मेंदूत शिरतो. 2012 मध्ये कंबोडियात मुलं झपाट्यानं दगावू लागली तेव्हा तपासाअंती हाच बहुतांश रुग्णांत सापडला. गोवर, गालगुंड, कांजिण्या, डेंगी, चिकुनगुन्या, वेस्ट नाइल, निपाह हेही आहेतच.

आणि चंडीपुरा. हे नाव नागपूरकडच्या एका गावाचं आहे. 1965 मध्ये तिथल्या तापाच्या रुग्णांच्या रक्तात हा विषाणू पुण्याच्या तेव्हाच्या विषाणू संशोधन केंद्राला, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेला, सापडला. जवळजवळ चार दशकं तो फारसा कोणाच्या खिजगणतीत नव्हता. 2003 मध्ये आंध्र प्रदेशात 329 मुलं आजारी पडली आणि 183 गेली, तेव्हा त्याची खरी ताकद कळली. वाळूमाशी तो पसरवते. सकाळी ताप आलेलं मूल दुसऱ्या दिवशी हाती लागत नाही, इतका त्याचा वेग. 2024 मध्ये गुजरातेत तो पुन्हा दिसला.

बहुतेक विषाणूंवर औषधच नाही. मग कारण शोधून करायचं काय?

हा प्रश्न डॉक्टरही विचारतात, आणि त्यांच्यावर असलेला ताण पाहता तो समजण्यासारखा आहे. तरीही उत्तर ठाम आहे: शोधायलाच हवं.

पहिली गोष्ट, काहींवर औषध आहे. हर्पिसच्या मेंदूज्वरात असायक्लोव्हिर शिरेतून दिलं नाही तर सुमारे 70 टक्के रुग्ण दगावतात. वेळेत दिलं तर हा आकडा 20 ते 30 टक्क्यांपर्यंत उतरतो. दुसरी गोष्ट, विषाणू वाटला तो निघतोच असं नाही. क्षय, जिवाणू, मलेरिया, स्क्रब टायफस, क्रिप्टोकॉकस बुरशी हे सगळे मेंदूज्वराचं सोंग घेतात, आणि या प्रत्येकावर इलाज आहे. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मेंदूवर उलटण्याचेही प्रकार आहेत. प्रतिपिंड म्हणजे शरीर एरवी जंतूंविरुद्ध बनवतं ती प्रथिनं. ती मेंदूच्या पेशींवरच्या एनएमडीए रिसेप्टर या भागावर उलटतात, तो आजार 2007 मध्ये ओळखला गेला. त्याला स्टेरॉइड आणि तत्सम उपचार लागतात. वागणं एकाएकी बदललेली तरुण मुलगी मांत्रिकाकडे किंवा मनोरुग्णालयात पोचते, तेव्हा कधी कधी तिला हाच आजार झालेला असतो.

तिसरी गोष्ट गावाची आहे. जपानी मेंदूज्वर असेल तर लस हवी, निपाह असेल तर रुग्णाला वेगळं ठेवायला हवं, रेबीज असेल तर त्याच कुत्र्यानं चावलेल्या बाकीच्यांना आजच्या आज इंजेक्शनं हवीत. एका मुलाचं निदान शेजारच्या दहा घरांच्या कामी येतं.

मग अडतं कुठे? पैशांवर?

पैशांवर अडतंच, पण यंत्र विकत घेतलं की प्रश्न सुटला असं नाही. वाट कुठे कुठे तुटते ते एका नमुन्यासोबत चालून पाहू.

मेंदू आणि मज्जारज्जूभोवती असतं ते पाणी तपासायला पाठीत सुई घालून काढतात. समजा एका लहान मुलाच्या पाठीतून असं दीड मिलिलिटर पाणी मिळालं. म्हणजे साधारण तीस थेंब. काही थेंब पेशी मोजायला गेले, काही साखर आणि प्रथिनं तपासायला. मोठा वाटा जिवाणूंच्या कल्चरला, म्हणजे ते वाढवून पाहायला. क्षयाची शंका असेल तर त्यासाठीही बऱ्यापैकी लागतं. विषाणूंच्या वाट्याला बाटलीच्या तळाशी उरलेलं येतं. ती बाटली फ्रिजमध्ये ठेवली जाते. रात्री वीज जाते. आरएनए या प्रकारचं जनुकीय साहित्य असलेले विषाणू नाजूक, उष्णतेत त्यांचे तुकडे होतात. मोठी प्रयोगशाळा राजधानीत, गाडी आठवड्यातून एकदा जाते. बाटलीवरची शाई बर्फाच्या पाण्यानं पुसट झालेली असते. आणि सोबतच्या फॉर्मवर सर्वांत मोलाचा रकाना, ‘ताप कोणत्या तारखेला सुरू झाला’, नेमका कोरा.

त्या एका तारखेशिवाय पुढच्या अर्ध्या चाचण्यांचा अर्थ लावता येत नाही. तो रकाना भरायला पैसे लागत नाहीत. वॉर्डात एका परिचारिकेला सत्तर रुग्ण नसतील एवढी माणसं लागतात.

पाठीतून पाणी काढलं की माणूस लुळा पडतो, असं म्हणतात. खरं आहे का?

नाही. पण ही भीती अनेक देशांत आहे, आणि तिला हसण्यावारी नेणारा डॉक्टर नमुना गमावतो. भीतीला कारणही आहे. अत्यवस्थ रुग्णाचं पाणी काढतात, त्यातले काही दगावतात, आणि नातेवाइकांच्या लक्षात सुई राहते.

शरीरात काय घडतं ते असं: मोठ्या माणसाच्या मेंदू-मज्जारज्जूभोवती सुमारे 150 मिलिलिटर पाणी असतं, आणि शरीर दिवसाला 500 मिलिलिटरच्या आसपास नवं तयार करतं. काढलेलं दोन-तीन मिलिलिटर थोड्याच वेळात भरून निघतं. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. सुई त्याच्या खाली घालतात, जिथे रज्जू नसतो, सुटे मज्जातंतू पाण्यात तरंगत असतात. काही रुग्णांत मात्र सुई घालणं खरंच टाळावं किंवा पुढे ढकलावं लागतं: मेंदूतला दाब खूप वाढल्याची चिन्हं असतील, रक्त गोठत नसेल, झटके थांबत नसतील, सुईच्या जागी जंतुसंसर्ग असेल तर. हा निर्णय डॉक्टर रुग्णाला तपासून घेतात. अशा वेळी उपचार मात्र थांबवायचे नसतात.

रक्त तपासून भागत नाही का?

काही बाबतींत रक्ताची मदत होते, पण गल्लत होण्याचा धोका मोठा. रक्तातले प्रतिपिंड सांगतात की हा विषाणू शरीरात येऊन गेला. मेंदूत तो पोचला की नाही, हे त्यातून कळत नाही. भातशेतीच्या मुलखात जपानी मेंदूज्वराची लक्षणांविना लागण किती तरी मुलांना होते. अशा मुलाला वेगळ्याच कारणानं मेंदूज्वर झाला तरी रक्ताची चाचणी जपानी मेंदूज्वराकडे बोट दाखवू शकते. शिवाय डेंगी, वेस्ट नाइल, झिका हे सगळे त्याच कुळातले. एकाचे प्रतिपिंड दुसऱ्याच्या चाचणीत चिकटतात. म्हणून पाठीतल्या पाण्यात आयजीएम, म्हणजे ताज्या लागणीत आधी तयार होणारे प्रतिपिंड, सापडणं हा जास्त भक्कम पुरावा मानतात.

इथे तारखेचा मुद्दा परत येतो. आजाराच्या पहिल्या काही दिवसांत आयजीएम तयारच झालेलं नसतं. चौथ्या दिवशी ‘निगेटिव्ह’ आलेला अहवाल दहाव्या दिवशी ‘पॉझिटिव्ह’ येऊ शकतो. त्यामुळे घरी सोडताना रक्ताचा दुसरा नमुना घ्यायचा असतो. तो घेतला जातो असं मला क्वचित दिसलं आहे. मूल बरं झालं तर कुटुंबाला घर गाठायची घाई असते, आणि गेलं तर कोणाच्या तोंडून शब्द निघत नाही.

पीसीआर निगेटिव्ह आली म्हणजे विषाणू नाही, असं धरायचं का?

धरू नये. पीसीआर म्हणजे नमुन्यात विषाणूचं जनुकीय साहित्य शोधणारी चाचणी. आपण जो विषाणू विचारू त्याचंच उत्तर ती देते. हर्पिसची चाचणी लावली आणि आजार निपाहचा असेल, तर ती निगेटिव्हच येणार. विचारलेल्या विषाणूबाबतही ती चुकते. हर्पिसमध्ये पहिल्या तीन-एक दिवसांत घेतलेला नमुना निगेटिव्ह येऊ शकतो, म्हणून शंका दाट असेल तर काही दिवसांनी पुन्हा पाणी काढून तपासतात आणि तोवर औषध चालू ठेवतात. जपानी मेंदूज्वराचा विषाणू तर रुग्ण दवाखान्यात येईपर्यंत पाण्यातून बहुधा नाहीसा झालेला असतो, तिथे पीसीआरपेक्षा प्रतिपिंडच कामाचे. रेबीजमध्ये पाठीतल्या पाण्यात अनेकदा काहीच मिळत नाही. लाळ आणि मानेच्या मागच्या त्वचेचा तुकडा तपासावा लागतो, तोही एकदा तपासून भागत नाही.

आणि पॉझिटिव्ह आली तर? तो विषाणूच दोषी ना?

प्रत्येक वेळी नाही. घशात किंवा शौचात एन्टरोव्हायरस सापडणं लहान मुलांत रोजचं आहे. एपस्टाइन-बार विषाणू दुसऱ्याच आजारात पाठीतल्या पाण्यात दिसतो. सुमारे एक टक्का माणसांत तर हर्पिस कुळातल्या सहाव्या विषाणूचं जनुकीय साहित्य जन्मापासून त्यांच्या गुणसूत्रांत जोडलेलं असतं. त्यांच्या कोणत्याही नमुन्यात तो ‘सापडतो’. म्हणून नीट केलेल्या अभ्यासांत ‘सापडला’ एवढंच लिहीत नाहीत. नक्की, बहुधा, शक्यता अशा पायऱ्या लावतात. पाठीतल्या पाण्यात सापडला तर वजन जास्त, घशात सापडला तर कमी.

रक्तात मलेरियाचे जंतू दिसले. आता आणखी कशाला शोधायचं?

आफ्रिकेत हा प्रश्न रोज उभा राहतो आणि मलावीनं त्याचं फार प्रामाणिक उत्तर दिलं आहे.

मलेरियाच्या मुलखात निरोगी दिसणाऱ्या मुलांच्या रक्तातही परजीवी असतात. बेशुद्ध मूल आलं, रक्तात मलेरिया दिसला, की ‘सेरेब्रल मलेरिया’ असा शिक्का बसतो. मलावीत अशा निदानानं दगावलेल्या 31 मुलांचं शवविच्छेदन झालं, ते 2004 मध्ये प्रसिद्ध झालं. त्यांतल्या 7 मुलांचा मृत्यू मलेरियानं झालेलाच नव्हता. 2007 मध्ये आणखी धक्का देणारी गोष्ट पुढे आली: मेंदूच्या संसर्गाच्या 133 रुग्णांत 14 जणांना रेबीज होता, आणि सेरेब्रल मलेरियानं गेले असं मानलेल्या 26 मुलांपैकी 3 जण प्रत्यक्षात रेबीजनं गेले होते. तिथल्याच 2013 च्या अभ्यासात मेंदूच्या संसर्गाची शंका असलेल्या सुमारे एक चतुर्थांश मुलांच्या पाठीतल्या पाण्यात विषाणू मिळाले, आणि ज्यांच्यात विषाणू व मलेरिया दोन्ही होते त्यांची अवस्था जास्त बिकट होती.

त्या तीन मुलांचा विचार मनातून जात नाही. मलेरियाचं औषध त्यांना मिळालं. घरी किंवा गल्लीत त्याच कुत्र्यानं आणखी कोणाला चावलं होतं का, हे विचारायचं मात्र कोणाला सुचण्याचं कारणच उरलं नाही. शिक्का बसला की प्रश्न थांबतात.

चुकीच्या शिक्क्यानं साथ वाढल्याचं एखादं उदाहरण?

मलेशिया, 1998-99. इपोहजवळच्या डुक्करपालकांत मेंदूज्वर सुरू झाला. काही रुग्णांच्या रक्तात जपानी मेंदूज्वराचे प्रतिपिंड मिळाले, डुकरंही होतीच. चित्र अगदी जुळलं. डासांसाठी धुरळणी झाली, लस टोचली गेली. साथ थांबेना.

न जुळणाऱ्या गोष्टी समोरच होत्या. जपानी मेंदूज्वर मुख्यतः मुलांना होतो, इथे आजारी होते कर्ते पुरुष. लस घेतलेलेही आजारी पडत होते. डासांनी पसरणारा आजार शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही व्हायला हवा, हा मात्र डुकरांना हात लावणाऱ्यांपुरता होता. आणि डुकरं स्वतः खोकत होती, मरत होती. जपानी मेंदूज्वरात ती अशी आजारी पडत नाहीत. मार्च 1999 मध्ये मलाया विद्यापीठातले तरुण विषाणूतज्ज्ञ काव बिंग चुआ यांनी रुग्णाच्या पाठीतल्या पाण्यातून नवाच विषाणू वेगळा काढला. सुंगाई निपाह या गावावरून त्याला निपाह नाव मिळालं. तोवर आजारी डुकरांच्या खरेदी-विक्रीतून तो दुसऱ्या राज्यांत पोचला होता. शेवटी 265 रुग्ण, 105 मृत्यू, आणि दहा लाखांहून अधिक डुकरं मारावी लागली.

पुढे 2001 पासून बांगलादेशात हाच विषाणू वेगळ्या वाटेनं आला. हिवाळ्यात खजुरीच्या झाडाला मडकं बांधून रस गोळा करतात. रात्री फळं खाणारी वटवाघळं येऊन तो चाटतात. पहाटेचा ताजा, न उकळलेला रस पिणाऱ्यांना निपाह होतो. हे दवाखान्यात बसून कळलं नाही. तपास करणारी माणसं गावागावांत जाऊन आजारी घरांत आणि शेजारच्या निरोगी घरांत तेच ते प्रश्न विचारत बसली, तेव्हा रसाचा धागा हाती आला. मग मडक्याभोवती बांबूचा झापा बांधून वटवाघळांना रोखता येतं, हेही तपासून पाहिलं गेलं.

भारतात गोरखपूर आणि मुजफ्फरपूरची कारणं सापडली का?

दोन्हीकडे उत्तर विषाणूपलीकडे गेलं, म्हणून दोन्ही लक्षात ठेवण्यासारखी.

गोरखपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत 2005 साली 5,700 हून अधिक रुग्ण आणि 1,300 हून अधिक मृत्यू झाले. त्या वेळी जपानी मेंदूज्वर खरोखरच मोठं कारण होता. 2006 पासून चिनी बनावटीची एसए-14-14-2 ही लस मुलांना मोहिमेनं दिली गेली. जपानी मेंदूज्वर घटला, तरी दर पावसाळ्यात वॉर्ड भरतच राहिले. वर्षानुवर्षं ‘अज्ञात विषाणू’, ‘दूषित पाण्यातला एन्टरोव्हायरस’ अशी चर्चा चालली. अखेर 2015 च्या सुमाराला तपासलेल्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक मुलांत स्क्रब टायफसचे प्रतिपिंड मिळाले. हा विषाणू नाही, गवता-झुडपांतल्या बारीक किड्याच्या चाव्यातून येणारा जिवाणू आहे. डॉक्सिसायक्लिन किंवा अझिथ्रोमायसिन या स्वस्त गोळ्या त्यावर चालतात. त्यानंतर नुसत्या तापाच्या टप्प्यावरच, मेंदूपर्यंत पोचण्याआधी, ही औषधं देण्यावर भर आला.

बिहारमधल्या मुजफ्फरपूरची गोष्ट अधिक चटका लावणारी. लोक तिला ‘चमकी बुखार’ म्हणतात. 1995 पासून लिचीच्या हंगामात, मे-जूनमध्ये, पहाटे पहाटे मुलांना झटके यायचे. विषाणूचा शोध अनेक वर्षं चालला. 2014 मध्ये 390 मुलं दाखल झाली, त्यांतली 122 दगावली. भारताच्या राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्रानं अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेसोबत केलेल्या त्या वर्षीच्या तपासात दिसलं की बहुतेक मुलांच्या रक्तातली साखर कोसळलेली होती. लिचीतली दोन नैसर्गिक द्रव्यं शरीराची साखर तयार करण्याची क्रिया अडवतात. दिवसभर बागेत लिची खाऊन मूल रात्री न जेवता झोपलं तर पहाटे साखर तळाला जाते. आधीच कुपोषित मुलाकडे साठा तरी कुठून असणार? उपाय दोन होते: मुलाला रात्री जेवू घालूनच झोपवणं, आणि झटके आलेल्या मुलाची साखर लगेच तपासून ग्लुकोज देणं.

सगळे विषाणू एकदम शोधणारी नवी चाचणी आहे ना? ती का वापरत नाहीत?

तिला मेटाजिनोमिक्स म्हणतात. नमुन्यातलं सगळं जनुकीय साहित्य वाचायचं, त्यातलं माणसाचं बाजूला काढायचं, आणि उरलेलं कोणत्या जंतूचं ते संगणकावर जुळवायचं. आधीच संशयित ठरवावा लागत नाही, हे तिचं बळ.

ढाक्याच्या संशोधक सेंजुती साहा आणि सहकाऱ्यांनी तिथल्या मुलांच्या मेनिंजायटिसचे साठवलेले जुने नमुने असे वाचले. ते 2019 मध्ये प्रसिद्ध झालं. कारण न सापडलेल्या काही नमुन्यांत चिकुनगुन्या निघाला. मग त्यांनी 2017 च्या चिकुनगुन्याच्या साथीच्या काळातले आणखी नमुने साध्या पीसीआरनं तपासले आणि अजून 17 मुलं सापडली. साथ चालू असताना तो मुलांच्या मेंदूपर्यंत पोचतो आहे याचा कोणाला पत्ता नव्हता. एकदा महागडं यंत्र वापरून काय शोधायचं ते ठरवा आणि मग स्वस्त चाचणीनं शोधत राहा, ही रीत मला फार व्यवहार्य वाटते.

मर्यादाही आहेत. खर्च मोठा, रसायनं आयात करावी लागतात, निकालाला वेळ लागतो. विषाणू नमुन्यातून नाहीसा झाला असेल तर ही चाचणीही काही सांगू शकत नाही. प्रत्येक जिल्ह्यात हे यंत्र बसवण्याआधी प्रत्येक जिल्ह्यात सुई, बर्फाची पेटी आणि नमुना नेणारी गाडी पोचायला हवी.

श्रीमंत देशांत तरी सगळी कारणं सापडतात का?

नाही. इंग्लंडमधल्या 2010 च्या अभ्यासात 203 रुग्णांची कसून तपासणी झाली, तरी 37 टक्क्यांचं कारण कळलं नाही. कॅलिफोर्नियाच्या मेंदूज्वर प्रकल्पात तर 60 टक्क्यांहून अधिक रुग्ण अनुत्तरित राहिले. लाओसच्या व्हिएन्तिआनमध्ये 2003 ते 2011 दरम्यान हजाराहून अधिक रुग्ण तपासले, त्यांतल्या 42 टक्क्यांचं कारण प्रयोगशाळेत निश्चित झालं. साधनांची तफावत पाहता हे काम कौतुकाचं आहे. तिथेही जपानी मेंदूज्वरासोबत स्क्रब टायफस, लेप्टोस्पायरोसिस असे औषधानं बरे होणारे आजार भरपूर निघाले.

मृत्यूनंतर तपासणी करावी का? कुटुंबं तयार होतात का?

पूर्ण शवविच्छेदनाला फार थोडी तयार होतात. धर्म, अंत्यविधीची घाई, मृतदेह गावी न्यायचा खर्च, सगळंच आड येतं. सुईनं अवयवांचे बारीक नमुने घेण्याची पद्धत आता आफ्रिका आणि दक्षिण आशियात वापरात आली आहे. शरीर उघडावं लागत नाही, चेहरा-मोहरा जसाच्या तसा राहतो. याला बरीच कुटुंबं होकार देतात, पण विचारणारा माणूस त्यांच्या भाषेत बोलणारा हवा आणि मिळालेलं उत्तर घरी जाऊन सांगणारा हवा. उत्तर न सांगता नमुना नेणं हा अन्याय आहे, त्याला मी दुसरा शब्द वापरणार नाही.

नमुने परदेशी प्रयोगशाळेत जातात, त्याचं काय?

स्थानिक सोय नसेल तर पाठवावे लागतात, आणि साथीच्या वेळी ते योग्यही असतं. पण वर्षानुवर्षं नमुने बाहेर जात राहिले आणि तंत्रज्ञ, यंत्रं, शोधनिबंधावरची नावं बाहेरचीच राहिली, तर पुढच्या साथीत तो देश तिथेच उभा असतो. ढाक्याचं उदाहरण म्हणूनच महत्त्वाचं: नमुने तिथले, प्रश्न तिथला, आणि उत्तर वाचणारी माणसंही तिथली.

यातलं टाळता येण्यासारखं किती?

बरंच. जपानी मेंदूज्वर, गोवर, गालगुंड यांवर लसी आहेत. एसए-14-14-2 ला 2013 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची पूर्वमान्यता मिळाली आणि गरीब देशांना ती परवडू लागली. कुत्र्यांचं लसीकरण आणि चावल्यानंतर लगेच साबण-पाण्यानं पंधरा मिनिटं जखम धुऊन लस घेणं, यानं रेबीज जवळपास पूर्ण टळतो. निपाह आणि चंडीपुरावर अजून मंजूर लस नाही.

वाचलेल्या मुलांचं पुढे काय होतं?

दवाखान्याच्या नोंदीत ती ‘बरी होऊन घरी गेली’ अशी असतात. घरी गेल्यावर आईला कळतं की मूल आता घास गिळताना ठसकतं, शाळेतलं विसरतं, विनाकारण चिडतं, महिन्यातून दोनदा झटके येतात. झटक्यांच्या गोळ्या अचानक बंद करू नयेत, हे सांगायलाही कोणी नसतं. फिजिओथेरपी जिल्ह्याच्या गावी, भाड्याला पैसे नाहीत. मुलांमधलं हे अपंगत्व मोजण्यासाठी साध्या प्रश्नांची लिव्हरपूल मोजपट्टी आहे. चालतं का, बोलतं का, स्वतः जेवतं का, असे प्रश्न. ती वापरायला तज्ज्ञ लागत नाही. सहा महिन्यांनी मुलाला परत बोलवायला हवं.

रुग्णासोबत आलेल्या माणसानं डॉक्टरांना काय सांगावं?

ताप नेमका कोणत्या दिवशी सुरू झाला, हे सर्वांत आधी. भान कधी बदललं, झटका कधी आला, किती वेळ चालला. आदल्या रात्री मूल जेवलं होतं का. गेल्या काही महिन्यांत कुत्रं, मांजर, माकड, वटवाघूळ चावलं किंवा ओरबाडलं का, जखम बारीक असली तरी सांगा. घरात, गोठ्यात, गावात आणखी कोणी आजारी आहे का, जनावरं मेली का. अंगावर कुठे काळी खपली दिसली का. काखेत, जांघेत, कानामागे नीट पाहा, स्क्रब टायफसचा डाग तिथे लपतो. कोणत्या लसी झाल्या, आधी कोणती औषधं दिली, झाडपाल्याची असली तरी. आणि घरी सोडताना रक्ताचा दुसरा नमुना द्यायचा आहे का, हे तुम्हीच विचारा.